मागं चालणारे बैल

आमच्या घरात इंजिन आलं तेव्हा सगळ्यात आधी दादांची बाज बाहेर गेली. घर म्हणजे दोन खण आणि पुढं पत्र्याची पडवी. पडवीत बाज, शेळीचा खुंटा आणि पाण्याचे रांजण. तेवढ्या जागेत जीपचं चार सिलिंडरचं इंजिन ठेवायचं म्हटल्यावर कुणाला तरी उठावंच लागणार होतं. रांजण हलवायची कुणाची छाती नव्हती, शेळी हलायला तयार नव्हती, राहता राहिले माझे वडील. ते मुकाट्यानं उठून अंगणातल्या लिंबाखाली गेले आणि तिथून, बाजेवर पडल्या पडल्या, माझ्यावर हुकूम सोडायला लागले. आई मात्र सहजासहजी मानणारी नव्हती. "लोकांच्या घरात सून येती, धान्य येतं. आमच्यात हे काळं धूड आलंय," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. पण ऐकवताना तिच्या बोलण्यात एक ऐट असायची. आमच्या आळीत दुसऱ्या कुणाच्या पडवीत इंजिन होतं का? नव्हतं.

दादा तेरच्या दूध सोसायटीचे ड्रायव्हर होते. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीची चव अजून जिभेवर होती आणि छावणीतून जगून परत आलेली जनावरं हीच काय ती लोकांची इस्टेट. शेतं पुन्हा उभी राहीपर्यंत घरात रोजचं काही यायचं ते दुधाचं. सकाळ-संध्याकाळ दादा जीप घेऊन पाच वस्त्या फिरत, कॅन गोळा करत आणि धाराशिवच्या शीतकेंद्रावर पोचवत. कागदावर तेव्हा उस्मानाबाद होतं, पण आमच्या तोंडात धाराशिवच. परत येताना रिकाम्या कॅनांचा खणखणाट नदीच्या वळणापासूनच ऐकू यायचा. त्या आवाजावर आई तवा चुलीवर ठेवायची आणि दादा हातपाय धुऊन बसेतोवर पहिली भाकरी टम्म फुगलेली असायची. शेंगाची चटणी, कांदा, वर तेलाची धार. आजही कुठं भांडी आदळली की मला भूक लागते, काय सांगू!

जीप सोसायटीनं कुठल्याशा सरकारी खात्याच्या मोडीतून घेतलेली. तिचा सेल्फ, म्हणजे बटण दाबून इंजिन सुरू करणारा स्टार्टर, कधीच मेला होता, त्यामुळं पुढून हँडल मारूनच ती सुरू करावी लागायची. एका सकाळी हँडल उलटं फिरलं आणि दादांचं उजवं मनगट मोडलं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधून हात गळ्यात अडकवला. बदली ड्रायव्हरनं जीप दोन-चार फेऱ्या नेली, ती वाटेत उकळली आणि नदीच्या चढावर जी थांबली ती थांबलीच. इंजिन जाम. मग दूध बैलगाडीनं जायला लागलं आणि निम्मं वाटेतच नासायला लागलं. सोसायटीचे चेअरमन वाईट माणूस नव्हते, पण व्यवहारी. म्हणाले, जीप भंगारात देऊ. दसऱ्याच्या सकाळपासून एका कंत्राटदाराचा टेम्पो लावू. टेम्पोला त्याचा स्वतःचा ड्रायव्हर. म्हणजे दादांची ड्रायव्हरकी संपली.

दादा त्यांना म्हणाले, "साहेब, टेम्पो यायच्या आत जीप दूध घिऊन दारात आली तर?"

चेअरमननी गळ्यातल्या हाताकडं बघितलं. "अहो, कुणाच्या हातानं करणार?"

"हात घरात हायेत," दादा म्हणाले.

ते हात माझे होते, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. सतरावं लागलेलं. आईच्या मते मी शिवणकाम शिकावं, दादांच्या मते कॉलेजला जावं, आणि माझ्या मते मला कुणी काही सांगू नये. लहानपणापासून जीपखाली दादांबरोबर पालथी पडून पाने हातात देत आले होते, तेव्हा चौदाचा पाना कुठला आणि अर्ध्या इंचाचा कुठला हे मला बघता क्षणी कळायचं. रामलिंग मिस्त्री म्हणून गावात विहिरीतले पंप ओढून काढणारे एक होते. त्यांच्याकडं गावातला एकुलता एक चेनब्लॉक, म्हणजे साखळी ओढली की जड वस्तू आपोआप वर चढवणारी कप्पी. जीप ओढून अंगणात आणल्यावर तो लिंबाला अडकवून त्यांनी इंजिन जीपमधून उचललं, पडवीत ठेवलं आणि मला म्हणाले, "सुजाता, उघडलेलं बसवता आलं पायजे बरं का, पोरी." मला राग आला. मला तेव्हा कशानंही राग यायचा.

पहिल्या दिवशी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडलं. वरचे नट काढून हेड उचललं आणि मी बघतच राहिले. सिलिंडरभोवती पाणी फिरायला जी वाट असते ती करड्या चिखलानं गच्च भरली होती. बोटानं उकरला तर चिखल कोरडा, बारीक. दादा बाजेवरून ओरडले, "गंज आसंल!" गंज करडा कुठून असेल? आई भांडी घासता घासता उठून आली, चिमूटभर बोटांत चोळली आणि मटकन खालीच बसली.

"अगं बया! ही तर राख हाय. आपल्या चुलीची."

खरंच राख होती. दुष्काळात ही जीप पाण्याची पिंपं आणायची. पाणी आणणाऱ्या गाडीच्या पोटात चांगलं पाणी घालायचं कुणाच्या मनात येणार? तेव्हा एकच घागर तीन कामांना पुरायची. त्या पाण्यानं माणूस अंघोळ करी, खाली पडलेल्या पाण्यात भांडी निघत आणि भांड्यांचं ते राखेचं पाणी, फेकण्यापेक्षा बरं म्हणून, बायका प्रेमानं जीपला पाजत. दादा दारात हॉर्न वाजवायचे आणि आई रेडिएटरमध्ये ओतायची. आमची आई एकटी नव्हे, पाचही वस्त्यांवरच्या सगळ्या आया. मी त्या राखेतून जोंधळ्याचा एक दाणा काढला, अख्खा. आई आधी कपाळावर हात मारून घेत होती, मग तिला हसू फुटलं, मग दादांना, आणि मग आम्ही तिघंही शेळी दचकेपर्यंत हसलो. "बिचारीला आमी खरकटं पाजलं," आई डोळे पुसत म्हणाली. त्या दिवसापासून ती इंजिनाला धूड म्हणायची थांबली.

पुढचे दिवस मी इतकी सुखी होते की आता लिहितानाही वाटतं, कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. सकाळी आंबील प्यायची, ओढणी कमरेला खोचायची आणि पडवीत बसायचं. रॉकेलचा वास, लिंबाच्या पाल्याचा नाही तर शेळीच्या लेंड्यांचा वास, लांबून पिठाच्या गिरणीचं पुकपुक, आणि दुपारी टेसनाकडून छोट्या रेल्वेची शिटी. अडकलेले पिस्टन रॉकेल पाजून मऊ केले. व्हॉल्व्ह काढले ते ज्याच्या त्याच्या जागी परत जायला हवेत, म्हणून मी क्रमानं एका शिळ्या भाकरीला भोकं पाडून त्यांत खोचून ठेवले. अहाहा, काय बोलणी खाल्ली! "दुष्काळात जिच्यासाठी खडी फोडली तिला भोकं पाडतीस व्हय गं, सटवे?" आईनं भाकरी हिसकून शेळीला दिली आणि मला मोडका पाट आणून दिला. पाटाला भोकं पाडताना मात्र मला मदत केली.

खरखरीत पेस्ट लावून व्हॉल्व्ह आपल्या जागेवर घासून बसवायचे असतात. काडीनं इकडं फिरव, तिकडं फिरव, तासन्‌तास. कधी थांबायचं ते मला कळेना. दादा म्हणायचे, "आवाजावरनं कळतं," पण त्यांना बाजेवरून तो आवाज ऐकू यायचा नाही. आई चुलीपाशी होती. ती आतूनच म्हणाली, "अजून भरड हाय. दळ." जन्मभर जात्यावर बसलेली बाई. थोड्या वेळानं म्हणाली, "आता बारीक यायलंय. बास." मी व्हॉल्व्ह उचलून बघितला तर कडेला एकसारखी करडी रेघ उमटलेली. मग सगळे व्हॉल्व्ह आईच्या कानावर बसले. दादा आपल्या बाजेवर जरा रुसून होते.

सिलिंडर झिजून तिरपे झाले होते, ते लातूरला नेऊन मोठे कापून घ्यायचे आणि मोठ्या मापाचे पिस्टन घालायचे ठरलं. इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडरांचा लोखंडी ठोकळा, पोत्यात बांधून आई आणि मी छोट्या रेल्वेनं गेलो. डब्यातल्या एका म्हातारीनं त्या पोत्याला टेकून लातूरपर्यंत झोप काढली. तिथल्या कारखान्यात काम लांबलं. आज या, उद्या या. पण त्या खेपांचा एक फायदा झाला. शेजारच्या दुकानात एक इलेक्ट्रिशियन होता, त्याच्याशी मी बोलले. मला जीप नुसती दुरुस्त करायची नव्हती. मला ते हँडल नको होतं. दादांचं मनगट मोडल्याचा तो आवाज मी दारातून ऐकला होता, आणि तो मला पुन्हा ऐकायचा नव्हता. जीप जुनी, सहा व्होल्टची. थंडीत तर तिच्यात जीवच नसायचा. इलेक्ट्रिशियन म्हणाला, बारा व्होल्टची बॅटरी, डायनॅमो, कॉईल आणि बल्ब घाल. सहाचा सेल्फ बारावर पळतो, फक्त बटण जास्त वेळ दाबून धरायचं नाही. दादा ऐकून हबकले. "जळंल! अगं, जाळून ठिवशील सगळं!" मी म्हणाले, "जळू दे. हात मोडण्यापेक्षा बरं." सोसायटीच्या मोडीत एक पडकी गाडी होती, तिच्यातलं सामान मिळालं, आणि सेल्फचं आतलं काम मी स्वतः केलं.

इंजिन जोडायला लागले तेव्हा आई आपलं पांढरं लुगडं घेऊन आली. आमच्यात दसऱ्याला बायका पांढरं नेसून धम्माच्या कार्यक्रमाला जातात. तो दिवस म्हणजे आमच्या घराचा खरा सण. हे तिचं पहिलं लुगडं, ती अगदी नवी बौद्ध झाली तेव्हाचं, विरून जाळी झालेलं. "ह्याचं सूत सुटत न्हाय. ह्यानं पूस," म्हणाली. बेअरिंग, पिस्टन, रिंगा, सगळं त्या लुगड्याच्या तुकड्यांनी पुसून बसवलं.

लातूरच्या उशिरामुळं सगळं जुळलं ते खंडेनवमीच्या सकाळी. उद्या दसरा, उद्या सकाळी टेम्पो. फक्त इंजिन उचलून जीपमध्ये ठेवायचं राहिलं होतं. मी धावत रामलिंग मिस्त्रींकडं गेले. त्यांच्या घरात भिंतीशी पाट मांडलेला, आणि पाटावर त्यांची सगळी हत्यारं ओळीनं, हळदीकुंकू लावून, झेंडूची फुलं वाहून. मधोमध चेनब्लॉक, त्याच्या साखळीला माळ. आमच्यात हे नसतं, त्यामुळं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खंडेनवमीला हत्यारं पुजायची, आणि एकदा पुजली की दुसऱ्या दिवशी सोनं लुटेपर्यंत हलवायची नाहीत.

"काका, माझ्या दादांची नोकरी जाईल हो."

मिस्त्रींचा चेहरा पडला. "पोरी, मागितला असता तर जीव दिला असता. पण देवापुढचं उचलून कसं देऊ? वर्साचा एक दिवस त्यांचा असतो. उद्या सांजच्याला म्याच खांद्यावर घिऊन येतो."

उद्या संध्याकाळी काय उपयोग! त्यांना बोल लावायलाही जागा नव्हती, कारण ते खोटं बोलत नव्हते. मी घरी येऊन इंजिनापुढं बसले आणि रडले. आळीतली माणसं जमली. उचलून ठेवू म्हणाली, पण नुसतं उचलणं नव्हतं. गिअरबॉक्सच्या दांड्यावर ते नखभर इकडं न तिकडं असं अलगद बसावं लागतं. हातानं ठेवताना निसटलं तर दांडाही जायचा आणि कुणाचा तरी पायही. दादा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, सुजे. लई केलंस तू." हे ऐकून मला जास्तच रडू आलं.

तेवढ्यात सोपानआबा आले. नदीकाठचे म्हातारे शेतकरी. त्यांचं दूधही या जीपनंच जायचं, आणि नासलेल्या दुधाचा कॅन रोज त्यांच्या सुनेच्याच पदरात पडायचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, इंजिनाभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "पान्यानं भरलेल्या मोटंएवढं वजन आसंल का?"

दादा म्हणाले, "तेवढंच आसंल, आबा."

"मग माझी मोट हाय की."

आबांच्या विहिरीवर पूर्वी चामड्याची मोट चालायची. लाकडी चाकावरून जाड नाडा खाली सोडायचा आणि बैलांनी ओढून पाणी वर काढायचं. पोरांनी विजेची मोटर बसवल्यापासून ते चाक आणि नाडा गोठ्यात धूळ खात होते. रामलिंग मिस्त्री माझ्या मागून आले होते, त्यांना राहवेना. "आबा, मोट बी अवजारच की. आज खंडेनवमी. चालतंय व्हय?"

आबा त्यांच्याकडं वळले. "अवजार आसती तर माझ्या लेकांनी पुजली नसती व्हय? बघितलं म्या सकाळी. नांगर पुजला, कुळव पुजला, विजंची मोटर पुजली. हिच्याकडं कुणी ढुंकून बघितलं न्हाय. मंजी ही मोकळी हाय. चला, आणू."

हसत म्हणाले, पण मिस्त्रींनी मान खाली घातली.

ते चाक आमच्या लिंबाला चढताना आई पडवीच्या खांबाला धरून उभी होती. तिच्या सासूच्या काळात आमच्या माणसांना त्या विहिरीला शिवता यायचं नाही. आजी धावेच्या, म्हणजे मोटेच्या बैलांच्या उतरत्या वाटेच्या, खाली घागर धरून बसायची आणि ह्याच चाकावरून आलेलं पाणी कुणी वरून ओतलं तर घरी आणायची. हे आईनंच मला कितीदा सांगितलं होतं. आबांनाही ते माहीत होतं. ते चाकाचा कणा पुसत आईला म्हणाले, "वैनी, हिच्या कण्याला जरा तेल द्या." आई आत गेली आणि घरात होतं नव्हतं तेवढं करडईचं तेल घेऊन आली.

बैल होते हौश्या आणि चिंत्या, छावणीतून वाचलेली जुनी जोडी. मोटेच्या बैलांचं एक वेगळंच असतं. साधा बैल पुढंच चालतो. मोटेचा बैल ओझं वर आलं की एक-एक पाऊल मागं येतो, म्हणजे मोट परत विहिरीत अलगद उतरते. पण ही जोडी मागं चालून बरीच वर्षं झाली होती. लक्षात असेल का? आबा नाड्यावर बसले आणि बैल पुढं निघाले. नाडा ताणला, चाक कुरकुरलं, पडवीतून लिंबाखाली सरकवून आणलेलं इंजिन जमिनीवरून सुटलं. आळीतल्या माणसांनी जीप ढकलून त्याच्याखाली आणली. मी बॉनेटच्या जागेत उभी, दोन्ही हात इंजिनाला.

"हं, आबा. मागं."

बैल उभेच. आबांनी बोलावलं, चुचकारलं. हौश्या कान हलवतोय, बस. मग आबांनी डोळे मिटले आणि एक हेल काढला. शब्द काही नव्हतेच, नुसता लांब, घशातला सूर, मोटेवर असताना काढायचे तसा. चिंत्याचा कान मागं वळला. एक खूर मागं आला. मग दुसरा. मग हौश्याचा.

"किती राहिलं?" आबा.

"नखभर, आबा!"

"बैलाला नख न्हाय, पोरी, खूर आसतंय. किती ते सांग."

"अर्धं पाऊल!"

अर्धं पाऊलच आले. दांडा क्लचमध्ये शिरला, इंजिन आपल्या जागी बसलं आणि मला बोल्टची भोकं समोरासमोर दिसली. मी काय ओरडले ते आठवत नाही. आई सांगायची की मी बैलांना "शाब्बास रे माझ्या राजांनो" म्हणाले आणि मिस्त्री रडत होते.

वायरी, नळ्या, रेडिएटर जोडून दिवेलागण झाली. रेडिएटरमध्ये पाणी आईनं ओतलं, रांजणातलं, फडक्यानं गाळून, एक थेंब न सांडता. दादा सवयीनं हँडल घेऊन पुढं गेले, डाव्या हातात. मी म्हणाले, "दादा, ते ठेवा. आत बसा. बटण दाबा." ते बसले. दाबलं. सेल्फ असा काही कडाडला की दादांनी घाबरून बोट काढून घेतलं; पण तोवर इंजिन पेटलं होतं. सगळी आळी आवाज करत होती आणि दादा मात्र स्टिअरिंगवर कान ठेवून ऐकत बसले. मग म्हणाले, "सुजे, बारीक दळतंय गं." आईचा शब्द त्यांनी पहिल्यांदाच वापरला.

दसऱ्याच्या सकाळी चेअरमनच्या दारात टेम्पोला तोरण बांधणं चालू होतं, तेव्हा आमची जीप कॅन वाजवत आली. कॅनांच्या मधेमधे आमच्या आळीच्या बायका पांढरी लुगडी सावरत बसलेल्या, कारण दूध उतरवून जीप पुढं त्यांना कार्यक्रमाला नेणार होती. स्टिअरिंग दादांच्या डाव्या हातात, गिअर माझ्या हातात, आणि आई पुढं आमच्या शेजारी. चेअरमननी एक कॅन उघडून वास घेतला, दादांच्या कामट्यांकडं बघितलं आणि तोरण काढायला सांगितलं. टेम्पोवरचं तेच तोरण त्यांनी जीपला बांधलं, त्यामुळं कंत्राटदार चिडला, पण सणाचा दिवस असल्यामुळं कुणी त्याला विचारलं नाही. दादा पुढं निवृत्त होईपर्यंत सोसायटीचेच ड्रायव्हर होते.

चाक काढू का, असं मी आबांना विचारलं होतं. "ऱ्हाऊ दे हितंच," म्हणाले. "घरी नेलं तर कोंबड्या बसत्यात त्याच्यावर." पुढं मी त्याच लिंबाखाली गॅरेज काढलं. चेनब्लॉक घेतला तरी ते चाक तसंच राहिलं. दर खंडेनवमीला आबा हळदीकुंकू आणि झेंडू घेऊन यायचे, आमच्या अंगणात, आपल्या चाकाची पूजा करायला. आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं, आमच्यात पूजा नाही. पण आई आधी लिंबाखालचं झाडून ठेवायची, आणि नंतर दोघं पडवीत बसून चहा प्यायची. त्या दिवशी मी गॅरेज बंद ठेवायची. न ठेवून आबांना काय सांगणार होते!

एका वर्षी खंडेनवमीला आबा अंथरुणाला खिळले होते. मी सकाळी बाहेर आले तर आई, तेव्हा तीही थकलेली, स्टुलावर चढून चाकाच्या आऱ्यात झेंडूचं फूल खोचत होती.

"आई, हे गं काय?"

"पूजा न्हाय करत म्या. फूल तेवढं लावलंय. आबाचं ऱ्हायला नगं." स्टुलावरून उतरली, धाप लागलेली. "जा, त्यांना सांगून ये."

मी गेले. आबांचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोपलेत. पण पावलं ऐकून म्हणाले, "पुजली का तिला?"

"पुजली, आबा."

"मग आज काम बंद हाय न्हवं?"

"बंद आहे."

"बरं झालं," आबा म्हणाले आणि कूस बदलून झोपले.